एवढे सगळे सुझुकी

गेल्या डिसेंबरच्या शेवटी शेजारच्या सुझुकी-सानकडे मी थोडा हात लावायला गेले होते. वर्ष संपायच्या आत इथे जपानात सगळे घर घासूनपुसून काढतात, आणि त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच राहतात, वरच्या मजल्यावरचं सामान खाली आणायला कुणीतरी हवंच होतं. हामामात्सुचा हिवाळी वारा म्हणजे अगदी कोरडा, खिडक्या सगळ्या सताड उघड्या, आणि आम्ही दोघी डोक्याला फडकी बांधून तातामीच्या चटयांवर बसलेलो. कपाटामागून शिवणाची एक लाकडी पेटी निघाली, छोट्या छोट्या खणांची, वर सुया टोचायची उशी, उशीचं कापड विटून विटून राखाडी झालेलं. मी ती आडवी करून धूळ झटकत होते तर तळाला ब्रशनं लिहिलेली अक्षरं दिसली. एक आडनाव होतं, आणि ते सुझुकी नव्हतं. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली, तळ ओल्या फडक्यानं पुसला, बाकीच्या लाकडापेक्षा जरा जास्तच वेळ पुसला, 'हे फार जुनं' म्हणाल्या आणि पेटी सरळ करून भिंतीला लावून ठेवली. मग आम्ही चहा घेतला, मिक्काबीची संत्री खाल्ली, टीव्हीवर काहीतरी चालू होतं ते बघितलं. विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. भांडी घासताना, सायकलवरून भाजी आणायला जाताना मध्येच ती अक्षरं आठवायची. ते आडनाव काय होतं हे मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

तुम्ही कधी हामामात्सुत राहिला असाल तर सुझुकी म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीय. आख्ख्या जपानात या आडनावाची माणसं साधारण १८ लाख, पहिला नंबर सातोचा आणि दुसरा यांचा, पण आमच्या शिझुओका प्रांतात पहिला नंबर सुझुकीचाच. आमच्या गल्लीत दारावरच्या पाट्या वाचत गेलं की सुझुकी, मग एक ताकाहाशी, परत सुझुकी, एक रिकामं घर, परत सुझुकी. माझा दातांचा डॉक्टर सुझुकी, मुलाच्या शाळेतल्या आधीच्या बाई सुझुकी, गॅसचं मीटर बघायला येतो तोही. शंभर येनच्या दुकानात तयार शिक्क्यांचा गोल फिरणारा स्टँड असतो, सहीऐवजी वापरायचे ते हान्को, आडनावाप्रमाणे लावलेले, त्यात सुझुकीचा खण कधीही बघा, एक तर भरलेला असतो नाहीतर पार संपलेला. ज्यांचं आडनाव दुर्मिळ त्यांना त्या स्टँडवर काहीच मिळत नाही, शिक्का मुद्दाम करून घ्यावा लागतो. मी तो स्टँड उगीचच फिरवत उभी राहते कधीकधी, प्लॅस्टिकच्या त्या बारक्या नळ्यांचा खुळखुळ आवाज मला आवडतो आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एकेक घराणं आहे असं वाटत राहतं.

बाहेरच्याला प्रश्न पडतो की मग ही माणसं एकमेकांना ओळखतात कशी. ओळखतात. कोपऱ्यावरचे सुझुकी, मंदिरापाठचे सुझुकी, तांदळाच्या दुकानाचे सुझुकी. जुन्या खेड्यांमध्ये तर घरालाच वेगळं नाव असायचं, धंद्यावरून नाहीतर जागेवरून पडलेलं, आणि गावात तेच चालायचं, आडनाव फक्त कागदावर. शाळेत एका वर्गात तीन तीन सुझुकी आले की शिक्षक सरळ पहिल्या नावानं हाक मारतात, एरवी जपानी शाळेत आडनावानंच हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळे या पोरांना आपलं स्वतःचं नाव मोठ्यांदा ऐकायला मिळतं ते बाकीच्यांच्या आधी. मला ही गोष्ट फार छान वाटते. आमच्या शेजारच्या सुझुकी-सानना मात्र पहिल्या नावानं हाक मारणारं आता जवळपास कुणीच उरलेलं नाही, नवरा गेला, बहीण गेली, आणि शेजारी आम्ही सगळे त्यांना सुझुकी-सानच म्हणतो.

लहानपणी माझ्यासाठी सुझुकी हे माणसाचं नाव नव्हतंच. ते गाडीच्या मागे असायचं. काकांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली होती, पांढरी, सीटवर टॉवेल अंथरलेले, आणि ती दारात उभी असताना मागच्या काचेवर बोटानं धुळीत नावं लिहायचा आमचा उद्योग चालायचा. मारुती आपला देव होता आणि सुझुकी हा शब्द त्याला जोडून आला होता, त्याचा अर्थबिर्थ कुणी विचारला नाही. या नावाचं एक जिवंत माणूस, तेही शेजारी राहणारं, आपल्याला मुळ्याचं लोणचं आणून देणारं, भेटेल असं तेव्हा वाटायचं काही कारणच नव्हतं.

हे सगळे सुझुकी आले कुठून हे बघायला आम्ही एकदा वाकायामाला गेलो होतो. म्हणजे नवऱ्याला कुमानोच्या जुन्या यात्रेच्या वाटेवर चालायचं होतं आणि मला ते देऊळ बघायचं होतं. ओसाकाहून ट्रेननं दक्षिणेला काइनान म्हणून गाव आहे, घरगुती ब्रश आणि खराटे बनवण्यासाठी प्रसिद्ध, पूर्वी ताडासारख्या शुरो झाडाच्या काथ्याचे करायचे. स्टेशनपासून चालत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी फुजिशिरो देऊळ लागतं, आणि त्याच्या आवारातच सुझुकींचा जुना वाडा, पार मोडकळीला आला होता तो अलीकडे पुन्हा उभा केलाय. देवळात कापराची प्रचंड झाडं आहेत, जवळ गेलं की पानांचा तो ओळखीचा वास येतो, आणि मागे संत्र्यांच्या बागांमधून चढ सुरू होतो. या चढावर ६५८ साली आरिमा नावाच्या कोवळ्या राजपुत्राला बंडाच्या आरोपावरून फाशी दिलं होतं, एकोणीस वर्षांचा होता. आता तिथून खाली समुद्र दिसतो आणि कारखान्यांच्या चिमण्या.

इथल्या होझुमि घराण्यातून सुझुकी निघाले असं सांगतात. कापलेल्या भाताच्या पेंढ्या काठीभोवती रचून उभ्या करतात त्याला कुमानोकडे 'सुझुकी'च्या जवळ जाणारा शब्द होता, त्यावरून हे नाव, म्हणून भाताच्या लोंब्या हे बऱ्याच सुझुकींचं कुलचिन्ह. पण मला त्याहून जास्त गुंतवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. कुमानोची यात्रा म्हणजे त्या काळातली सगळ्यात मोठी, निवृत्त सम्राटांपासून सगळे जायचे, आणि यात्रेकरूंना आणणारे वाटाडे वेगळे, तिथे उतरवून घेणारे, पूजा सांगणारे ओशि वेगळे. कुठल्या भागातलं कुठलं घराणं कुठल्या ओशिचं हे ठरलेलं असायचं, अगदी नाशिक-त्र्यंबकला आपले क्षेत्रोपाध्ये बाडं काढून आपल्या खापरपणजोबांचं नाव दाखवतात तसं. फरक एवढाच की कुमानोत हे यजमान विकले जायचे. रीतसर कागद करून. अमुक प्रांतातली अमुक आडनावाची सगळी घराणी मी इतक्या पैशाला तुला दिली, आणि असे विक्रीचे कागद आजही शाबूत आहेत. या ओशि आणि वाटाड्यांमधून सुझुकी मंडळी देशभर फिरली, कुमानोच्या देवाच्या शाखा काढत गेली, आज जपानात कुमानोची ३०००च्या वर देवळं आहेत, आणि जिथे देऊळ तिथे एखादा सुझुकी राहून गेला. मिकावात, म्हणजे आमच्या हामामात्सुच्या पश्चिमेला, जे स्थिरावले त्यांच्यातले काही पुढे जपानचा सत्ताधीश झालेल्या तोकुगावा इएयासुच्या पदरी लागले. इएयासु १५७० मध्ये हामामात्सुच्या किल्ल्यावर आला आणि १५९० मध्ये एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, गेला, आणि त्याच्या मागोमाग त्याची माणसं. म्हणून तोक्योच्या बाजूला आणि आमच्याकडे सुझुकी दाट, आणि ओसाकाच्या पलीकडे ते विरळ होत जातात, तिकडे तानाका आणि यामामोतो. म्हणजे ज्या भागातून हे आडनाव निघालं तिथेच आता ते फारसं उठून दिसत नाही.

वाड्याच्या ओसरीवर बसून मी हे सगळं नवऱ्याला सांगत होते आणि तो म्हणाला, मग हे १८ लाख सगळे एकाच घरातले का. नाहीत ना. तेच तर आहे. सामान्य शेतकऱ्यांना आडनाव लावायची परवानगी सरकारनं दिली १८७० साली, लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, मग १८७५ च्या फेब्रुवारीत सक्ती केली, सैन्यभरतीच्या याद्या करायच्या होत्या त्यांना. काहींकडे घरात चालत आलेली नावं होतीच, ती त्यांनी लिहून दिली. काहींनी आजूबाजूला चालणारं, मानाचं वाटणारं नाव घेतलं. त्यामुळे सुझुकी होणं म्हणजे रक्ताचं नातं असणं नव्हे, तेव्हाही नव्हतं. कुणीतरी कधीतरी सुझुकी झालेलं असतं.

हे 'झालेलं असणं' मला त्या पेटीमुळे दिसायला लागलं आणि मग सगळीकडे दिसायला लागलं.

कंपनीचंच घ्या. मिचिओ सुझुकी इथलेच, १८८७ चा जन्म, आधी सुताराच्या हाताखाली काम शिकले, आणि १९०९ मध्ये त्यांनी मागांचा कारखाना काढला. हा सगळा भाग सुती कापडाचा, घराघरातून माग चालायचे. कंपनीचं म्युझियम आहे हामामात्सुत, फुकट, फक्त आधी बुकिंग करावं लागतं, तिथे वर गाड्यांच्या आधी माग ठेवलेत, आणि लाकडाचा तो माग बघताना मला त्यात गाडी कुठेच दिसेना, पण सुतार दिसला. असो. मिचिओंच्या नंतर कंपनीची सूत्रं आली शुन्झोंकडे, ते जावई, दत्तक घेतलेले. त्यांच्यानंतर जित्सुजिरो, तेही जावई, दत्तक. आणि त्यांच्यानंतर १९७८ मध्ये ओसामु, ज्यांना आपण सगळे ओळखतो, ज्यांच्यामुळे माझ्या काकांच्या दारात ती पांढरी गाडी उभी होती, ते शुन्झोंचे जावई. जन्मानं ओसामु मात्सुदा. गिफु प्रांतातल्या गेरो नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातले, आधी बँकेत नोकरी करायचे. म्हणजे जगभर ज्यांच्यामुळे हे नाव गेलं ते स्वतः २८ वर्षांचे होईपर्यंत त्या नावाचे नव्हतेच. २०२४ च्या नाताळच्या दिवशी ते गेले, ९४ वर्षांचे होते, आणि आपल्याकडून त्यांना नंतर मरणोत्तर पद्मविभूषण दिलं, पद्मभूषण आधी होतंच. ते गेल्याचं जाहीर झालं त्या दिवशी इथल्या स्थानिक बातम्यांवर दुसरं काही नव्हतंच. सुझुकी-सान माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुमच्याकडेही दाखवतायत का. मी फोनवर मराठी चॅनल लावून दाखवलं, दाखवत होते.

मुलीचा नवरा आणून त्याला आपलं नाव द्यायचं आणि घर, धंदा त्याच्या हातात द्यायचा ही पद्धत इथे जुनी आणि राजरोस आहे, व्यापारी घरांमध्ये तर अंगच्या मुलापेक्षा पारखून घेतलेला जावई बरा असं मानायचे. तरी एक म्हण आहेच, घरात तीन मापं कोंडा असला तरी घरजावई होऊ नये. म्हणजे नाव सोडताना पुरुषाला काहीतरी टोचतं हे या समाजाला नीट माहिती आहे, त्यावर म्हणी करण्याइतकं माहिती आहे. बाईच्या बाबतीत अशी म्हण मी शोधली, विचारलंही दोघीतिघींना, कुणाला आठवली नाही.

ताका सुझुकींची गोष्ट मी इथे आल्यावर वाचली आणि ती मला सोडत नाही. कान्तारो सुझुकी म्हणजे १९४५ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध थांबवलं तेव्हाचे पंतप्रधान, तेव्हा वय ७७. पण त्याच्या नऊ वर्षं आधी, १९३६ च्या फेब्रुवारीत, तोक्योत बर्फ पडलेलं असताना बंडखोर सैनिक पहाटे त्यांच्या घरात घुसले, गोळ्या घातल्या, आणि शेवटचा घाव घालायला तलवार काढणार तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, ताकानं, ते थांबवलं. ते करायचंच असेल तर मी करीन, असं म्हणाली. अधिकारी सलाम करून निघून गेला आणि कान्तारो वाचले. ती लग्नाआधी ताका अदाची होती, आणि तेव्हा दहाएक वर्षं तिनं लहानग्या हिरोहितोला, म्हणजे पुढच्या सम्राटाला, सांभाळलं होतं. पुढे युद्ध थांबवायचा निर्णय जाहीर झाला तो या दोघांच्या तोंडून, एक तिच्या हाताखाली वाढलेला आणि एक तिच्यामुळे जिवंत राहिलेला. इतिहासाच्या पुस्तकात कान्तारोंच्या नावाचं पान असतं, आणि ताका त्या पानावर 'पत्नी' म्हणून येते. मला ती अदाची म्हणून कुठेतरी हवी होती, निदान आठ-दहा ओळी.

प्रसिद्ध सुझुकींची यादी केली तर संपणार नाही. झेनवर लिहिणारे दाइसेत्सु, लहान मुलांना व्हायोलिन शिकवणारे शिनइचि, भाताच्या कोंड्यातून बेरीबेरीवरचं जीवनसत्त्व काढणारे उमेतारो, ते तर आमच्याच प्रांतातले. पुण्यात माझा चुलतभाऊ लॅबमध्ये आहे, तो फोनवर सहज म्हणतो, आज सुझुकी लावलीय, रात्रभर चालेल. होक्काइदोच्या आकिरा सुझुकींनी शोधलेली रिअॅक्शन, तिला २०१० चं नोबेल मिळालं, पेटंट त्यांनी घेतलं नव्हतं म्हणून कुणीही वापरावी. माणूस बाजूला राहून आडनाव असं एका क्रियेचं नाव होऊन जातं हे ऐकताना मला दरवेळी बरं वाटतं.

आणि बेसबॉलवाला इचिरो. तो उलट्या दिशेनं गेला. १९९४ साली त्याच्या संघाच्या नव्या मॅनेजरनं सांगितलं की सुझुकी नावानं हा पोरगा गर्दीत हरवेल, सुझुकी काय ढीगभर आहेत, तेव्हा नोंदणीच 'इचिरो' अशी करा. त्याच वेळी संघातल्या एका सातोचीही तशीच केली, 'पंच' म्हणून. त्या मोसमात इचिरोनं २१० हिट्स मारल्या, तोपर्यंत जपानी लीगमध्ये २०० कुणी ओलांडले नव्हते. पुढे अमेरिका, आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेम, ३९४ पैकी ३९३ मतं. माझा मुलगा त्याचा भक्त आहे. पण त्याचं पूर्ण नाव विचारलं तर क्षणभर थांबतो.

माझ्या आईचं नाव लग्नात बदललं. आडनाव नव्हे फक्त, नावच. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्याचा फोटो आहे, आई मान खाली घालून ताटाकडे बघतेय, आणि सगळे मागे हसतायत. मामा तिला अजून जुन्या नावानं हाक मारतो आणि त्या हाकेला ती ज्या आवाजात ओ देते तो आवाज आमच्या घरात एरवी ऐकू येत नाही. मी स्वतः आडनाव बदललं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, व्हिसाची कागदपत्रं सोपी होतील म्हणून, आणि खरं सांगायचं तर तेव्हा हौसही होती. त्यामुळे सुझुकी-सानकडे बघून मला बिचारी वगैरे वाटलं नाही. त्या बिचाऱ्या नाहीतच. आमच्या गल्लीच्या मंडळात त्यांचा शब्द चालतो. मे महिन्यातल्या हामामात्सुच्या पतंगोत्सवात घरातल्या पहिल्या बाळाच्या नावानं भला मोठा पतंग उडवतात, कोपऱ्यात बाळाचं नाव आणि घराण्याचं चिन्ह रंगवलेलं असतं, नाकाताजिमाच्या वाळूवर त्यांच्या नातवाचा पतंग चढला तेव्हा दोर धरणाऱ्या पुरुषांवर ओरडत सगळ्यात पुढे त्याच होत्या. चिन्ह सुझुकींचंच होतं आणि त्या वर बघत होत्या तो अभिमान शंभर टक्के खरा होता.

तरी कायद्याचं मला पटत नाही, आणि ते मी स्पष्टच लिहिते. इथे नवरा-बायकोचं आडनाव एकच असायलाच हवं, नाहीतर लग्न नोंदवून घेत नाहीत. कुणाचंही घ्या असं कायदा म्हणतो, आणि १०० जोडप्यांमधल्या जवळपास ९५ ठिकाणी बाईच बदलते. ही प्राचीन परंपरा आहे असं टीव्हीवरचे पुढारी सांगतात तेव्हा मला राग येतो, कारण १८७६ साली याच देशाच्या सरकारनं कळवलं होतं की लग्नानंतरही बाईनं माहेरचंच आडनाव लावावं. एकच आडनाव हे १८९८ च्या कायद्यापासूनचं. फुजिशिरोचा तो कापूर त्याच्यापेक्षा कितीतरी जुना आहे. १९९६ मध्ये कायदा खात्याच्या समितीनंच सुचवलं की ज्यांना वेगळं ठेवायचंय त्यांना ठेवू द्या. नाही झालं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आहे तेच घटनेला धरून आहे म्हणून सांगितलं, १५ न्यायाधीशांत ३ बायका होत्या आणि तिघींचंही मत उलट पडलं. २०२१ मध्ये परत तेच. २०२४ मध्ये उद्योगपतींच्या संघटनेनंसुद्धा सरकारला सांगितलं की बदला हे, आमच्याकडे काम करणाऱ्या बायका परदेशात जातात तेव्हा पासपोर्टवर एक आणि कामावर एक नाव असतं, गोंधळ होतो. २०२५ मध्ये संसदेत चर्चा झाली. निर्णय नाही.

या सगळ्यातून सुटलेली माझ्या ओळखीची एकच आहे. जन्मानं सुझुकी आणि नवरा पुण्याचा. परदेशी माणसाशी लग्न केलं तर हा नियम लागत नाही, त्यामुळे ती आजही सुझुकी आहे, सासरी कोथरूडला गेली की सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगतात, आमची सून सुझुकी हो. तिच्या तीन बहिणींमधली एकही आता सुझुकी राहिलेली नाही.

त्या पेटीबद्दल मी कधीच विचारलं नाही. पण ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या, दिवसात त्यांच्याबरोबर स्मशानात गेले होते, कबरी धुवायला. रांगाच्या रांगा, 'सुझुकी घराण्याची कबर', 'सुझुकी घराण्याची कबर', उदबत्त्यांचा धूर, दगड इतके तापलेले की पळीनं पाणी ओतलं की वाफच यायची. इथे कबर एकेका माणसाची नसते, घराण्याची असते. त्यांनी नवऱ्याच्या कबरीवर पाणी घातलं, फुलं बदलली आणि जाता जाता आपणहोऊन बोलायला लागल्या. त्यांचं माहेरचं आडनाव दुर्मिळ. फोनवर सांगितलं की समोरचा विचारायचा, कशी लिहायची ती कांजी, आणि मग त्या सांगायच्या की डोंगराचं असं अक्षर, त्याच्यापुढे अमुक. नोकरीत होत्या तेव्हा दिवसातून कितीतरी वेळा. लग्न झालं आणि ते एकदम बंद झालं. सुझुकी म्हटलं की कुणी काही विचारत नाही. 'फार सोपं झालं,' त्या म्हणाल्या, 'आणि पहिली काही वर्षं मी फोनवर नाव सांगून झालं की उगीच थांबायची, कुणी विचारतंय का म्हणून.' मग रस्त्यात काकड्या विकायला ठेवल्या होत्या त्या घ्यायला थांबल्या.

तोहोकु विद्यापीठातल्या प्रा. हिरोशी योशिदांनी २०२४ मध्ये एक हिशोब मांडला होता, हा नियम असाच राहिला तर २५३१ साली जपानातला प्रत्येक माणूस सातो असेल. पेपरात सगळीकडे छापून आलं. दरवर्षी लग्नांमध्ये लहान आडनावं गळतात आणि मोठी फुगतात, त्याचं ते टोक. त्या हिशोबात सुझुकीही संपतात म्हटल्यावर आमच्या गल्लीत त्यावर बरीच चर्चा झाली, सातोंपुढे हरायचं म्हणजे काय, वगैरे. पण पाटीपाटीवर दिसणाऱ्या या नावाच्या खाली किती नावं आधीच गेलीत हे मोजायला कुणी बसत नाही. माझ्या एका गल्लीत किती असतील. दातांच्या डॉक्टरची आई, शाळेतल्या बाई, कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानातल्या आजी.

त्या दुकानाची नात सध्या नागोयात औषधांवर संशोधन करते, तिचे चार पेपर सुझुकी नावानं छापलेत आणि लग्न ठरलंय. मुलगा ताकाहाशी. वर्षभर दोघांनी नोंदणी पुढे ढकलली, कायदा बदलेल म्हणून. आता त्यानं ठरवलंय की आपणच सुझुकी व्हायचं. शिक्का नवीन करावा लागेल, बँक, लायसन्स, विमा, सगळं त्यानं कागदावर उतरवून काढलंय, तिनं मला फोटो दाखवला. फक्त त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडे मुलगे हे आईला कसं सांगतात, असं तिनं मला अगदी मनापासून विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे त्यांच्यावर ही वेळ येत नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही. नवीन वर्षाच्या सुट्टीत दोघं त्याच्या घरी जाणार आहेत, तेव्हा सांगायचं असं ठरलंय, आणि आजीनं बरोबर द्यायला या वर्षीचा नवा तांदूळ बाजूला काढून ठेवलाय.